धूळ पुसू नका, धुवा!

मे महिन्यात जयपूरला थोरल्या बहिणीकडे गेले होते. भावोजींनी निवृत्तीच्या पैशातून गडद निळी गाडी घेतली आहे. एका संध्याकाळी तिरप्या उन्हात बॉनेटकडे पाहता पाहता ते एकदम गप्प झाले. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे!

"वॅक्स तर वेळेवर करतो. शिवाय रोज पुसून घेतो. तरी असं कसं?"

भावोजी, रोज पुसून घेता म्हणूनच!

जयपूरची ओळखच रंगाची. १८७६ साली इंग्लंडचे युवराज येणार म्हणून महाराजा रामसिंह यांनी शहर गुलाबी रंगवून घेतलं. पण उन्हाळ्यात इथे आंधी सुटते आणि धुळीबरोबर बारीक वाळूही येते. वाळूतल्या गारेचा कण काचेवरसुद्धा ओरखडा काढतो, मग गाडीच्या रंगाची काय कथा? रंगावरचा पारदर्शक थर तर केसाहूनही पातळ असतो. वॅक्समुळे तो गुळगुळीत राहतो, पण वॅक्स म्हणजे काही चिलखत नव्हे. कोरडं फडकं फिरवलं की आपणच वाळूने रंग घासतो. पिसांच्या झाडूनेही तेच होतं.

मग दोन वॅक्समधल्या काळात काय करावं?

गाडी सावलीत, थंड झाल्यावर धुवावी. आधी मगाने वरून खाली पाणी सोडून वाळू वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं फडकं साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवावं. टपापासून सुरुवात करून हात सरळ रेषेत, दाब न देता फिरवावा. खालचा भाग आणि चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. भांड्यांचा साबण वापरू नये, तो वॅक्स उतरवतो. बोअरिंगचं पाणी जड असेल तर वाळून पांढरे डाग पडतात, म्हणून लगेच स्वच्छ मऊ फडक्याने टिपून घ्यावं.

कबुतरांची विष्ठा खरवडू नये. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून अलगद उचलावी. जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय गाडीला लावू नये. धुळकट गाडीवर कव्हरही घालू नये. वाऱ्याने ते हलतं आणि घासतं.

एरवी काचा, दिवे, आरसे आणि नंबरप्लेट ओल्या फडक्याने पुसाव्यात, बाकी धूळ राहू द्यावी. नुसत्या बसलेल्या धुळीने ओरखडे पडत नाहीत.

हे ऐकून भावोजी गाडी पुसणाऱ्या माणसावर चिडायला निघाले, तेव्हा ताईने त्यांना थांबवलं. "त्याचा काय दोष? धूळ दिसली की तुम्हीच ओरडता. एका फडक्यात तो पंधरा गाड्या उरकतो."

खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी भावोजींनी त्याला दोन बादल्या आणि चार फडकी आणून दिली. रोजच्या पुसण्याऐवजी आता आठवड्यातून एकदा धुणं, पगार मात्र तोच.

पडलेले ओरखडे काही गेले नाहीत. पण पहाटे कोरडं फडकं फिरल्याचा आवाज ताईच्या दारात आता येत नाही.