धुक्यातला भाद्रपद

२०२३ च्या सप्टेंबरअखेर शनिवार, रविवार आणि गांधी जयंती अशी तीन दिवसांची जोडून सुट्टी आली आणि आम्ही दोघांनी पुण्याहून गाडी काढली. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, नवरा भूगोल. कॅमेरा माझा आणि नकाशा त्याचा, ही आमच्या प्रवासातली जुनी वाटणी. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कास पठार, तिथून खाली उतरून शिवसागराच्या काठी बामणोलीला मुक्काम, आणि परतताना सज्जनगडाच्या वाटेने ठोसेघर व चाळकेवाडी, असा बेत होता. हवे असलेले छायाचित्र माझ्या मनात आधीच तयार होते : खाली तेरडा नि सोनकीचा जांभळा-पिवळा गालिचा आणि वर शरदातले धुतलेले निळे आकाश.

यवतेश्वरचा घाट चढलो तो थेट धुक्यातच शिरलो. पठारावर दहा पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते. पावसाची भुरभुर थांबेना, भिंग पुसावे तो पुन्हा ओले. रंग होते, पण प्रकाशच नसल्यामुळे सारे एकाच राखी छटेत बुडाले होते. दुसऱ्या दिवशी ठोसेघरचा धबधबा फक्त ऐकला आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे नुसते बुंधे पाहिले. परतीच्या वाटेवर मी चिडून म्हटले, "सगळी सफर वाया गेली." त्यावर नवरा शांतपणे म्हणाला, "तू ज्याला वाईट हवामान म्हणतेस, त्याच्यामुळेच तर ती फुले आहेत."

हे भूगोलाचे वाक्य मला साहित्याच्या दृष्टीने फार अडचणीचे वाटले. कासचे पठार जांभ्या खडकाचे. त्यावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात खडकावर पाणी साचून राहते तेवढ्या मुदतीत तिथल्या वनस्पतींना उगवून, फुलून, बी धरून मोकळे व्हायचे असते. माती इतकी निकस, की 'सीतेची आसवे' हे हळवे नाव मिरवणारी चिमुकली वनस्पती ओल्या मातीतल्या सूक्ष्म जीवांना इवल्या पिशव्यांत पकडून पोट भरते. एकदा आकाश निरभ्र झाले, ऊन तापू लागले आणि खडक सुकला, की गालिचा गुंडाळला जातो. म्हणजे मी जे निळे आकाश मागत होते, ते टिकून राहिले तर तीच फुलांची अखेर होती.

पुढची चूक पंचांगाने दाखवली. त्या वर्षी अधिक श्रावण होता. त्यामुळे ऑक्टोबर उजाडला तरी महिना भाद्रपदच होता आणि आश्विन लागायला पंधरवडा बाकी होता. आपल्या ऋतुगणनेत श्रावण-भाद्रपद हा वर्षा ऋतू, आणि आश्विन-कार्तिक हा शरद. इंग्रजी महिना पाहून मी शरदाला भेटायला निघाले होते आणि भेटला वर्षा ऋतू. हवामान खात्यानेही २०२० मध्ये मोसमी पाऊस परतण्याच्या सामान्य तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईची तारीख सप्टेंबरअखेरीवरून ८ ऑक्टोबरवर गेली. पंचांग आणि वेधशाळा या दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट मराठीच्या प्राध्यापिकेला ठाऊक नव्हती, कारण तिचा शरद पुस्तकातून आला होता.

'ऋतुसंहारा'च्या तिसऱ्या सर्गात शरद नववधूसारखी येते. तेव्हापासून निरभ्र आकाश, टिपूर चांदणे, निवळलेले पाणी हे शरदाचे संकेत ठरून गेले. संकेतांना माझा विरोध नाही. संकेताशिवाय कविता उभी राहत नाही. प्रश्न असा आहे, की आपण वर्गात ते संकेत म्हणून शिकवतो, की अनुभव म्हणून? दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये आले. त्यात वर्ष महिन्यामहिन्याने उलगडत जाते आणि प्रत्येक महिन्याला त्याची स्वतःची झाडे, फुले, पाखरे मिळतात. हे पुस्तक आपण सारेच गौरवतो, पण त्यातून पाहण्याची शिस्त घेत नाही. घेतो ती फक्त शब्दकळा.

हे सारे सुचण्याचे कारण एक जुनी उत्तरपत्रिका. काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेत मी 'शरद ऋतू' हा निबंध घातला होता. एका मुलाने चांदण्याचे नावही घेतले नव्हते. काढणीला आलेले सोयाबीन पावसात भिजले, शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले आणि दिवाळीच्या तोंडावर वडील गप्प झाले, एवढेच त्याने लिहिले होते. मी समासात 'विषयांतर' असा शेरा मारला आणि निम्म्याहून कमी गुण दिले. ज्यांनी मार्गदर्शकातले निरभ्र आकाश उतरवले होते त्यांना अधिक गुण मिळाले. कासच्या धुक्यात कॅमेरा हाताशी धरून मी जे करत होते तेच त्या दिवशी लाल शाईने केले होते : ठरलेल्या चित्राशी जे जुळत नाही ते बाद.

फरक इतकाच, की माझे नुकसान दोन दिवसांच्या सुट्टीचे. त्या मुलाला मात्र मी हे शिकवले, की तू पाहिलेस ते साहित्य नव्हे. पुढे त्याने मराठी विषय सोडला. माझ्या शेऱ्यामुळेच सोडला असे मी म्हणणार नाही, पण शेरा माझाच होता.

असो. त्या सफरीतली बहुतेक छायाचित्रे मी पुसून टाकली. एक ठेवले आहे : अर्धे धुके, मधे ओला काळपट खडक आणि त्याच्या भेगेत सीतेची दोन-तीन आसवे. पाहणारे विचारतात, "हे कास? फुले कुठे आहेत?" आणि त्या वर्षीपासून मी अमुक ऋतूचे वर्णन करा असा प्रश्न घालत नाही. चालू असलेला मराठी महिना कोणता हे आधी विचारते, आणि मग तो तुमच्या दारातून कसा दिसतो ते लिहायला सांगते. पहिल्या प्रश्नालाच निम्मा वर्ग अडतो. पण मीही अडले होते.