गुच्छ घरी आला, त्याला पाणी द्या



वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरांत आता गुलाबांचे गुच्छ येऊ लागले आहेत. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास होते, मुलगा पोलीस भरतीत निवडला जातो, १४ एप्रिलला मंडळातर्फे सत्कार होतो. प्लॅस्टिकच्या कागदात बांधलेला गुच्छ हातात पडतो, फोटो निघतो आणि घरी आल्यावर तो कपाटावर ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी फुले माना टाकतात आणि उकिरड्यावर जातात. आमच्या घरी हेच घडले, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमची आई धाराशिवात एका दवाखान्यात तीस वर्षे सफाई कामगार होती. एप्रिलअखेर ती निवृत्त झाली. निरोपाला तिला शाल आणि बारा लाल गुलाबांचा गुच्छ मिळाला. तिने तो बसमध्ये मांडीवर धरून घरी आणला. रात्री नातेवाईक आले, चहापाणी झाले, गुच्छ मात्र होता तसाच राहिला. सकाळी पाहतो तर सगळी फुले मान खाली घालून बसलेली. आई म्हणाली, "आजवर दुसऱ्याची फुलं झाडून काढली. माझी आली, ती पन एक रात्र टिकली न्हाईत."

हे ऐकून आम्हाला लाज वाटली. घरात शिकलेली चार माणसे, पण देठाला पाणी लागते हे कुणाच्या ध्यानी आले नाही. शेजारच्या मामांची हयात माळीकामात गेली. ते म्हणाले, "फेकू नका. जीव हाय अजून त्यात."

मामांनी प्लॅस्टिक, रिबीन, तार सगळे सोडवले. बादलीत पाणी घेतले, देठांची टोके पाण्यात बुडवली आणि पाण्याच्या आतच धारदार सुरीने बोटभर देठ तिरपा कापला. मग फुलांच्या माना सरळ राहतील अशी वर्तमानपत्राची गुंडाळी करून सगळा जुडगा बादलीत खोल उभा केला आणि बादली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत बारापैकी सात फुले ताठ झाली. आई कितीतरी वेळ त्यांच्यापुढे बसून होती.

असे का झाले ते मामांनी समजावले. देठात केसासारख्या बारीक नळ्या असतात. देठ कोरडा राहिला की त्यांत हवा शिरते आणि मग नंतर कितीही पाणी दिले तरी ते वर चढत नाही. हवा शिरलेला तुकडा पाण्याखाली कापून टाकला की वाट मोकळी होते. तिरपा काप दिल्याने देठ भांड्याच्या बुडाला घट्ट चिकटत नाही आणि पाणी ओढायला जागा राहते. बोथट कात्री वापरू नये, तिने नळ्या चेंगरतात.

आता फुलदाणीचे पाहू. काचेची महागडी फुलदाणी हवीच असे नाही. स्टीलचा तांब्या चालतो, लोणच्याची रिकामी बरणीही चालते. भांडे मात्र साबणाने स्वच्छ घासलेले असावे. पाण्यात बुडणारी पाने आणि तेवढ्याच भागातले काटे काढावेत, साल सोलू नये. पाने पाण्यात राहिली की कुजतात, जंतू वाढतात आणि त्याच नळ्या बुजतात.

तांब्याचे तोंड रुंद असेल तर फुले एका बाजूला कलंडतात. त्यासाठी तोंडावर चिकटपट्टीच्या दोन आडव्या, दोन उभ्या पट्ट्या लावून चौकडी करावी. आधी कडुनिंबाची एखादी डहाळी खोवावी. सर्वांत उंच गुलाब मधोमध लावावा. भांड्याच्या दीडपट उंची डोळ्यांना बरी दिसते. मग बाकीची फुले थोडी थोडी आखूड करून भोवती लावावीत. कळ्या वर, उमललेली फुले खाली. दाटी करू नये, प्रत्येक फुलाला आपली जागा मिळाली पाहिजे. मान मोडलेली फुले आखूड कापून पेल्यात ठेवावीत.

पाणी रोज बदलावे आणि दर दोन दिवसांनी देठ थोडा थोडा कापावा. आपल्या जिल्ह्यात पाण्याचे दुर्भिक्ष आहे, नळ रोज येत नाही, हे आम्ही जाणतो. पण एका तांब्याचे पाणी वाया जात नाही. काढलेले पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतावे. पाण्यात साखर घालायची तर लिंबूही पिळावे. नुसत्या साखरेने जंतूंचेच पोट भरते.

फुलदाणी उन्हात, पंख्याखाली किंवा टीव्हीवर ठेवू नये. आपल्या घरी आणखी एक चूक होते. वंदनेच्या वेळी भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे फुले, केळी, मेणबत्ती, अगरबत्ती सगळे एकाच टेबलावर मांडले जाते. पिकत्या केळ्यातून आणि अगरबत्तीच्या धुरातून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने गुलाब लवकर म्हातारा होतो. मेणबत्तीची धगही त्याला सोसत नाही. म्हणून वंदना झाली की फुलदाणी बाजूला घ्यावी.

कुणी म्हणेल, ही श्रीमंतांची हौस आहे. तसे मुळीच नाही. सांची, भारहूत, अमरावतीच्या बौद्ध शिल्पांत कमळांनी भरलेला घट पुन्हा पुन्हा कोरलेला आहे. त्याला पूर्णघट म्हणतात. आपल्याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. तिथे विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले आहेत आणि लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातील वस्तू पाहायला मिळतात. मुलांना एकदा अवश्य घेऊन जा. जपानमधील फुले मांडण्याची प्रसिद्ध कलाही बुद्धापुढे फुले वाहण्याच्या प्रथेतूनच वाढली. क्योटोच्या रोक्काकुदो मंदिरातील भिक्खूंनी ती जोपासली. तेव्हा घटात नीट लावलेले फूल ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही.

फूल वाहताना आपण म्हणतो की हे फूल जसे कोमेजते तसे हे शरीरही नाश पावणार आहे. ते खरेच आहे. पण अनित्यता वेगळी आणि हेळसांड वेगळी. आपल्या दिवसांनी कोमेजणे हा फुलाचा धर्म. ते प्लॅस्टिकमध्ये एका रात्रीत तडफडून गेले तर तो दोष आपला.

आईचे सात गुलाब पुढे पाच दिवस टिकले. पाकळ्या गळाल्या तेव्हा तिने त्या कुणाला झाडू दिल्या नाहीत. स्वतः वेचल्या आणि कढीपत्त्याच्या कुंडीत घातल्या.

तेव्हा पुढच्या वेळी सत्कार करून माणूस घरी आला की त्याला पाण्याचा पेला द्या आणि त्याच्या हातातल्या गुच्छालाही पाणी द्या. जय भीम.