'क्षमा कर' असे कोण, कोणास व केव्हा म्हणाले?

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरांत एक वाक्य फार स्वस्त झाले आहे. "अगं, क्षमा करून टाक. आपण ख्रिस्ती ना!" भाजीवाल्याने वर दोन मिरच्या टाकाव्यात तसे हे वाक्य कुठल्याही भांडणात टाकले जाते. गंमत अशी की ते टाकणाऱ्याचे सहसा काहीच गेलेले नसते. ज्याचे गेले, त्यालाच हा उपदेश. ज्याने नेले, त्याला मात्र कोणी एक वचन काढून दाखवत नाही.

मला याचा राग आहे, आणि तो आज लिहून टाकणार आहे. नातेवाईक मंडळी वाचतीलच. वाचावे.

नात्यातलीच गोष्ट आहे, नावे घेत नाही. वडील गेले, मृत्युपत्र नव्हते. तीन भाऊ, एक बहीण. दिवसकार्याची भक्ती होऊन पंधरा दिवस झाले नसतील, तोवर बहिणीपुढे हक्कसोडपत्र आले. "नुसती औपचारिकता आहे, सही कर." तिने केली. पुढे रस्त्यालगतचा तुकडा विकला गेला आणि तिला एक साडी मिळाली. ती बोलली, तेव्हा घरातली वडीलधारी माणसे, पाळक, वहिन्या सगळे एकदम शास्त्री झाले. सत्तर गुणिले सात! चारशे नव्वद वेळा क्षमा! बाई गप्प बसली. प्रभुभोजनाला जायचीही थांबली, कारण मनात राग असताना भाकर कशी घ्यायची. म्हणजे जमीन भावांची आणि पापही हिचेच.

आमचे वारसाहक्क १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतात. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना सारखे. मुलगा-मुलगी असा भेदच त्यात नाही. शंभर वर्षे झाली या कायद्याला. तो वाचलेला ख्रिस्ती भाऊ मला क्वचितच भेटला, पण मत्तय अठरा मात्र सगळ्यांना पाठ!

पाठ आहे का खरेच? मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. आमच्या प्रश्नपत्रिकेत एक हमखास प्रश्न असे, 'कोण, कोणास व केव्हा म्हणाले?' त्याखाली 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या'. नुसते वाक्य पाठ करून आलेल्या पोराला मी अर्धा गुणही दिला नाही. तोच नियम शास्त्राला लावून बघू.

कोण विचारतो? पेत्र. कशाबद्दल? स्वतःच्या अपराध्याबद्दल, माझ्या भावाने माझा अपराध केला तर मी किती वेळा, असे. शेजारणीने तिच्या नवऱ्याला किती वेळा क्षमा करावी, हे विचारायला तो गेलेला नाही. आणि अपराध करणारा भाऊ तर त्या प्रसंगात बोलतच नाही. ज्याला लागले आहे त्याने आपल्या प्रभूला विचारलेला हा प्रश्न आहे. ते उत्तर उचलून अपराध्याने किंवा त्याच्या वकिलांनी दुसऱ्याच्या कपाळावर मारायचे, याला संदर्भ सोडणे म्हणतात.

त्याच अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या आधी काय आहे? भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला त्याचा दोष दाखव. नाही ऐकले तर एकदोघांना बरोबर ने. तरी नाही, तर मंडळीला सांग. मंडळीचेही ऐकले नाही तर तो बाहेरचा समज. चांगली चार पायऱ्यांची रीत घालून दिली आहे. ही रीत तीन भावांच्या बाबतीत कोणत्या पाळकाने वापरली? लूक सतराव्या अध्यायातही क्षमेच्या आधी दोष दाखवणे आहे आणि पश्चात्ताप आहे. तिथे घाईघाईने पान उलटतात.

नंतर येतो तो निर्दय चाकराचा दाखला. त्याचे स्वतःचे कर्ज दहा हजार टॅलंट. एक टॅलंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आजची मजुरी पाचशे रुपये धरा, कर्ज होते तीन हजार कोटी! ते राजाने माफ केले. बाहेर येऊन त्याने शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. आम्हाला लहानपणापासून शिकवले की ते शंभर दिनार म्हणजे अगदी क्षुल्लक. पण गणित करा. शंभर दिवसांची मजुरी, पन्नास हजार रुपये! गरिबाच्या घरात ही किरकोळ रक्कम आहे का? क्षमा करायची ती या खऱ्याखुऱ्या, दुखणाऱ्या रकमेची. "एवढं काय त्यात" असे दाखल्यात कुठेही लिहिलेले नाही.

आणि ज्यांच्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकले नाही, ती माणसे म्हणजे सोबतचे चाकर. गळा धरलेला पाहून त्यांना फार वाईट वाटले आणि त्यांनी जाऊन राजाला सगळे सांगितले. गळा आवळलेल्या माणसापाशी जाऊन "सोड रे, क्षमा कर त्याला" असे ते म्हणाले नाहीत. आपली मंडळी या दाखल्यात कुठे उभी असते, हे एकदा शोधावे.

वाचनाची खोडच वाईट लागली आहे. सकाळी मोबाईलवर गुलाबाच्या फुलाखाली एक वचन, पूर्वी वचनांच्या डबीतून एक चिठ्ठी. झाले शास्त्रवाचन! वचनांचे आकडे तर छपाईच्या सोयीचे, रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली ग्रीक नव्या कराराला घातलेले. मत्तयाने ते घातले नव्हते. त्याने सलग गोष्ट लिहिली, आपण तिचे लिमलेट करून चघळतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणले, १९२२ साली मरेपर्यंत त्याच कामात होत्या, ते काय चिठ्ठ्या काढण्यासाठी? आणि त्याच बाईंनी दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा बायकांना आपल्या छपराखाली घेतले. "जा परत सासरी, क्षमा कर" असे सांगून वाटेला लावले नाही.

सासरचा विषय निघालाच आहे तर सांगते. १८६९च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्यावर क्रूरपणा किंवा दोन वर्षे टाकून देणे, असे जोडून सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ साली गेली. एकशे बत्तीस वर्षे! इतका काळ आमच्या बायकांनी जी 'क्षमा' केली तिच्यातली खरी किती आणि निरुपायाची किती, हे देवच जाणे.

आता तुम्ही म्हणाल, बाई क्षमेच्याच विरुद्ध आहे. मुळीच नाही. वधस्तंभावरची प्रार्थना आणि मरता मरता तशीच प्रार्थना करणारा स्तेफन, यांच्यापुढे माझी मान खालीच आहे. तिथे समोरच्याचा पश्चात्तापही नव्हता, तेही मान्य. पण ती क्षमा घाव सोसणाऱ्याच्या तोंडून आली. योहानाने किंवा मरीयेने त्याला तसे म्हणायला भाग पाडले नाही.

आपल्याच काळातले बघा. १९९९च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा जाहीर केली. खटला मात्र चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. इंदूरकडच्या सिस्टर राणी मारिया १९९५ साली बसमध्ये भोसकल्या गेल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीने, तीही सिस्टरच, २००२ साली तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली. सात वर्षे गेली मध्ये. तो तुरुंगात होता, त्याला पश्चात्ताप झाला होता. या दोघींच्या क्षमेने खुनाला कोणी 'गैरसमज' म्हटले नाही. आमच्याकडे तीन एकर लाटले तरी 'गैरसमज' म्हणतात!

आता माझ्या त्या तीन भावांना, मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे म्हणून बोलते. बहिणीला तिने काय करावे ते सांगणे बंद करा. तुमच्यासाठी वेगळे पान आहे, मत्तय पाच. वेदीपाशी अर्पण आणले आणि आठवले की भावाच्या (बहिणीच्याही धरा रे!) मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी तिच्याकडे जायचे. जक्कयाने काय केले तेही वाचा, लूक एकोणीस. अन्यायाने घेतले त्याच्या चौपट परत, तेही कोणी न मागता. मी चौपट म्हणत नाही. विकलेल्या तुकड्यातला चौथा हिस्सा आजच्या भावाने काढा, उरलेल्या जमिनीतला तिच्या नावे करून द्या. वकिलाची फी तिघांत वाटून घ्या. आणि जाताना साडी नेऊ नका.