मेमरीचा मालक कोण?

मे २०१९मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या जगभरच्या वापरकर्त्यांना ॲप लगेच अपडेट करून घ्यायला सांगितलं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या नुसत्या एका कॉलमधून फोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरत होतं आणि त्यासाठी फोन उचलण्याचीही गरज नव्हती. सुमारे १,४०० जणांचे फोन लक्ष्य झाले होते. त्यांत भारतातले वकील, पत्रकार आणि कार्यकर्ते होते, नागपूरचे एक वकीलही होते. ऑक्टोबरअखेर ही नावं बाहेर येऊ लागली तेव्हा चर्चा झाली ती पेगासस बनवणाऱ्या इस्रायली कंपनीची, सरकारची आणि खासगीपणाच्या हक्काची. ती व्हायलाच हवी होती. दार मुळात उघडं कसं राहिलं, हा प्रश्न मात्र तज्ज्ञांचा म्हणून बाजूला पडला.

त्याचं उत्तर अवघड नाही. कॉल जोडणाऱ्या भागाने येणाऱ्या माहितीसाठी मेमरीत ठरावीक जागा राखली होती. मुद्दाम वाकडी रचलेली माहिती आली की ती त्या जागेत न मावता शेजारच्या जागेवर लिहिली जाई, आणि तिथून फोनचा ताबा सुटे. या चुकीला बफर ओव्हरफ्लो म्हणतात. नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्म नावाच्या प्रोग्रॅमने तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं ठप्प केली, तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक हीच होती. मधल्या तीन दशकांत प्रोसेसर हजारो पटींनी वेगवान झाले, पण ही चूक जागची हलली नाही.

आकडे पाहिले की अशा चुकांचा पसारा कळतो. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अभियंत्यांनी २०१९मध्ये जाहीर केलं, की कंपनी दरवर्षी ज्या सुरक्षा त्रुटींना क्रमांक देऊन दुरुस्त करते, त्यांतल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतल्या असतात. पुढच्याच वर्षी गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या गटाने आपल्या गंभीर त्रुटींची मोजणी केली आणि आकडा तोच निघाला. दोन्हीकडे जगातले निवडक प्रोग्रॅमर कामाला होते. तपासणीची साधनं आणि पैसा, कशाचीच वाण नव्हती. त्यामुळे 'नीट लक्ष देऊन लिहिलं तर चुका होत नाहीत' हे आपल्याकडच्या वर्गांत आणि कंपन्यांत सर्रास ऐकू येणारं वाक्य आता सोडून द्यायला हवं. दोष लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणात नसून कामाच्या पद्धतीत आहे.

ही पद्धत आली सी भाषेतून. डेनिस रिची यांनी ती १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. तेव्हाच्या संगणकांची मेमरी किलोबाइटमध्ये मोजली जाई, म्हणून भाषेने प्रोग्रॅमरवर पूर्ण विश्वास टाकला. मॅलॉक म्हटलं की मेमरीचा तुकडा मिळतो, फ्री म्हटलं की तो परत जातो. तो तुकडा केवढा आहे, आता कोणाचा आहे आणि परत कोणी करायचा, याची नोंद भाषा ठेवत नाही. हाती येतो फक्त पत्ता, म्हणजे पॉइंटर. गावातल्या जमिनीला सातबाराच नसावा आणि कोणता तुकडा कोणाचा हे सगळं लोकांच्या आठवणीवर चालावं, तसा हा कारभार आहे. गाव लहान असेपर्यंत निभतं. लाखो ओळींचा कोड, शेकडो लिहिणारे आणि वीस वर्षांत बदललेली माणसं असा मामला झाला की तंटे अटळ असतात.

हे तंटे दोन प्रकारचे असतात. पहिला हद्दीचा. व्हॉट्सॲपचं उदाहरण त्यातलंच आणि २०१४चं हार्टब्लीडही. इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरचं एन्क्रिप्शन ओपनएसएसएल या लायब्ररीवर अवलंबून होतं. 'जागा आहेस का' एवढंच विचारण्यासाठी पाठवायचा निरोप तिच्याकडे आला, की निरोपाची लांबी पाठवणारा सांगेल तीच खरी धरली जाई. निरोप दोन अक्षरांचा पाठवून लांबी मोठी सांगितली की सर्व्हर शेजारची ६४ केबीपर्यंतची मेमरी उचलून देई. त्यात पासवर्ड असू शकत, एन्क्रिप्शनच्या गुप्त किल्ल्याही असू शकत. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० लोकांचे सामाजिक विमा क्रमांक याच वाटेने चोरले गेले.

दुसरा तंटा हक्काचा, आणि तो जास्त गुंतागुंतीचा आहे. मेमरी परत करायची राहून गेली तर ती हळूहळू गळत राहते. दोनदा परत केली तर हिशेब बिघडतो. सर्वांत घातक म्हणजे परत केल्यावरही कोणीतरी जुन्या पत्त्यावर जाऊन ती वापरतं. क्रोमच्या त्या ७० टक्क्यांतला निम्मा वाटा या शेवटच्या प्रकाराचा होता. जानेवारी २०१०मध्ये गूगलने आपल्यावर चीनमधून हल्ला झाल्याचं जाहीर केलं, इतर किमान वीस मोठ्या कंपन्याही त्यात सापडल्या होत्या. हल्लेखोरांनी वापरलेलं छिद्र इंटरनेट एक्सप्लोररमधलं होतं. वेबपानावरचा एक घटक काढून टाकला की त्याची मेमरी मोकळी होई, पण त्या घटकावर घडलेल्या घटनेच्या नोंदीत त्याचा जुना पत्ता तसाच राही. मोकळ्या झालेल्या जागेत हल्लेखोर आपली माहिती पेरून ठेवत. ब्राउझर जुन्या पत्त्यावर गेला की त्यांचाच कोड चालू लागे. कोणत्याही एका ओळीकडे पाहून यातली चूक दिसत नाही, कारण ती दोन ओळींमधल्या न लिहिलेल्या करारात असते.

तो करार कोडमध्येच लिहून ठेवायचा, ही स्मार्ट पॉइंटरमागची कल्पना आहे.

ब्यार्न स्ट्राउस्ट्रप यांनी १९७९पासून बेल लॅब्जमध्ये जी भाषा घडवली आणि जी पुढे सी प्लस प्लस झाली, तिच्यात एक सुंदर सोय होती. एखादी वस्तू आपल्या कंसाबाहेर गेली की तिचा आवराआवरीचा कोड आपोआप चालतो, मधे काही चुकून काम अर्धवट सुटलं तरीही चालतो. म्हणजे कच्चा पत्ता अशा वस्तूच्या पोटात ठेवला, की मेमरी परत करायचं काम तिच्यावर सोपवता येतं. पहिला प्रयत्न फसला. १९९८च्या प्रमाणित आवृत्तीतल्या ऑटो पॉइंटरची प्रत काढली की मूळ पॉइंटर रिकामा होई. वाचणाऱ्याला वाटे प्रत निघाली, प्रत्यक्षात मालकी गेलेली असे. यादीत असे पॉइंटर ठेवून ती क्रमाने लावायला गेलं की मधलेच काही नाहीसे होण्याचा धोका असे. २०११मध्ये त्याला निवृत्तीची नोटीस मिळाली आणि २०१७मध्ये तो भाषेतून काढून टाकला गेला.

२०११मध्ये त्याच्या जागी आलेली मांडणी आजही शिकण्यासारखी आहे. युनिक पॉइंटर म्हणजे एकच मालक. त्याची प्रत काढताच येत नाही, कम्पायलर अडवतो. मालकी द्यायची तर 'मूव्ह' असं उघड लिहावं लागतं. शेअर्ड पॉइंटर म्हणजे सामाईक मालकी. किती जणांचा हात आहे याची मोजणी चालू असते आणि शेवटचा हात निघाला की मेमरी परत जाते. ही मोजणी फुकट होत नाही, अनेक थ्रेड असतील तर तिची किंमत जाणवते. शिवाय दोन वस्तूंनी एकमेकींना असं धरून ठेवलं तर मोजणी शून्यावर येतच नाही आणि दोघीही कायमच्या अडकून राहतात. त्यासाठी वीक पॉइंटर आहे. तो वस्तूकडे बोट दाखवतो, हक्क सांगत नाही, आणि वापरण्याआधी ती अजून आहे का हे विचारायला लावतो. इथे एक सल्ला आवर्जून द्यायला हवा. विचार करायचा कंटाळा म्हणून सगळीकडे शेअर्ड पॉइंटर टाकण्याची सवय वाईट आहे. बहुतेक वस्तूंना एकच खरा मालक असतो, आणि तो कोण हे ठरवणं म्हणजेच प्रोग्रॅमची रचना करणं.

तरीही सी प्लस प्लसमध्ये ही शिस्त ऐच्छिक राहते. युनिक पॉइंटरच्या पोटातला कच्चा पत्ता कोणीही मागून घेऊ शकतो आणि मालक गेल्यावरही जपून ठेवू शकतो. ही फट बुजवण्याचा गंभीर प्रयत्न रस्ट भाषेने केला. ग्रेडन होअर हे मोझिलातले प्रोग्रॅमर व्हँकूव्हरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहत. इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर बिघडल्याने बंद पडली, जिने चढावे लागले, आणि २००६मध्ये त्यांनी फावल्या वेळात नवी भाषा रचायला घेतली. २०१५मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तिचा नियम कडक आहे: प्रत्येक मूल्याला एक मालक. इतरांना ते उसनं मिळतं, पण एकतर अनेकांनी फक्त वाचायचं किंवा एकानेच लिहायचं. उसनवारी मालकापेक्षा जास्त काळ टिकली तर प्रोग्रॅम कम्पाइलच होत नाही. मेमरीचा हिशेब असा आधीच झालेला असल्यामुळे जावा किंवा पायथनसारखा तो प्रोग्रॅम चालू असताना ठेवावा लागत नाही.

रस्टवरचे आक्षेप पोकळ नाहीत. ती शिकायला जड आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये डिसेंबर २०२२पासून तिला जागा मिळाली, तरी दोन भाषांचा भार वर्षानुवर्षं कोणी वाहायचा यावर तिथल्या जुन्या जाणत्यांशी कडाक्याचे वाद झाले. आणि रस्ट वापरली म्हणजे प्रोग्रॅम बंद पडत नाही, असंही नाही. असंख्य संकेतस्थळांची वाहतूक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या एकाच कंपनीच्या दोन घटना शेजारी ठेवल्या तर फरक नेमका कळतो. फेब्रुवारी २०१७मध्ये तिचा सी भाषेतला कोड बफरचा शेवट ओलांडून वाचत होता. पॉइंटर शेवटाला पोचला का, एवढंच तो तपासत होता, शेवट ओलांडून पुढे गेला का हे तपासत नव्हता. त्यामुळे एका संकेतस्थळाच्या पानात दुसऱ्याच संकेतस्थळाच्या ग्राहकांची खासगी माहिती मिसळून बाहेर गेली, आणि काही सर्च इंजिनांच्या साठ्यातही जाऊन बसली. १८ नोव्हेंबर २०२५ला त्याच कंपनीचा रस्टमधला कोड अपेक्षेपेक्षा मोठी फाइल आल्यावर थांबला. चॅटजीपीटी आणि एक्ससह इंटरनेटचा मोठा भाग काही तास अडखळला. नुकसान खरंच झालं, लोकांची कामं खोळंबली, पण कोणाचा पासवर्ड कोणाच्या पानावर उमटला नाही. बंद पडलेली सेवा संध्याकाळपर्यंत सुरू होते, बाहेर गेलेलं गुपित परत आणता येत नाही.

'एवढा जुना कोड कोण नव्याने लिहिणार?' हा प्रश्नही नेहमी येतो. त्याचं उत्तर अँड्रॉइडने दिलं आहे. गूगलने तिथला जुना कोड टाकून दिला नाही, नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायला घेतला. अँड्रॉइडच्या एकूण त्रुटींतला मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९मध्ये ७६ टक्के होता, २०२४मध्ये तो २४ टक्क्यांवर आला. कारण साधं आहे. अशा चुका मुख्यतः नव्या लिहिलेल्या कोडमध्ये असतात, जुना कोड वापरता वापरता तावून सुलाखून निघतो.

महाराष्ट्राने हे अंगाला लावून घ्यायला हवं. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी'ने देशभरच्या विद्यार्थ्यांच्या मनातली सीची आणि पॉइंटरची भीती घालवली, ते मोठं काम होतं. पण पॉइंटर वापरता येणं ही पहिली पायरी, त्यामागची जबाबदारी सांभाळणं ही दुसरी, आणि राज्यातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत गाडी पहिल्याच पायरीवर थांबते. कितीतरी प्रयोगशाळांत अगदी अलीकडेपर्यंत टर्बो सीचा निळा पडदा होता, म्हणजे सी प्लस प्लसच्या १९९८च्या प्रमाणीकरणाच्याही आधीची भाषा. तिथे शिकलेला मुलगा पुण्यातल्या एखाद्या कंपनीत युरोपला जाणाऱ्या उपकरणाचं सॉफ्टवेअर लिहू लागतो. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७पासून लागू होतील आणि उत्पादनातल्या त्रुटींची जबाबदारी उत्पादकावर येईल. अमेरिकेच्या व्हाइट हाउसने २०२४च्या फेब्रुवारीतच मेमरी-सुरक्षित भाषांकडे वळण्याचं आवाहन केलं आहे.

अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठांना वेळ लागतो, हे मान्य. पण प्रॅक्टिकलला त्यासाठी थांबायचं कारण नाही. ॲड्रेस सॅनिटायझर हे साधन फुकट आहे, जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कम्पायलरमध्ये अनेक वर्षांपासून आहे, आणि कम्पाइल करताना एक-दोन पर्याय जोडले की पुरतं. परत केलेली मेमरी पुन्हा वापरली किंवा हद्द ओलांडली, तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबून चुकीची ओळ दाखवतो. लिंक्ड लिस्टचा प्रयोग सबमिशनला आला की शिक्षकांनी तो या तपासणीतून चालवून घ्यावा, नोड कोण बनवतो आणि कोण परत करतो हे विद्यार्थ्याला व्हायवात विचारावं, आणि मगच जर्नलवर सही करावी. येत्या सत्रापासून हे कोणत्याही महाविद्यालयाला सुरू करता येईल.