सशाची रजाई

पौष लागला, की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या वाड्यांची अंगणे सकाळी बराच वेळ धुक्यातून बाहेर येत नाहीत. रात्रीचा पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. पेटीतल्या रजया निघतात, कानटोप्यांची शोधाशोध होते, आणि अंगणातील मुक्या सोबत्याच्या काळजीने घरातली मुले हळवी होतात. अशाच एका पाचवीतल्या मराठी मुलीने परवा मधल्या सुट्टीत आम्हांस गाठले. "सर, माझ्या सशाला रात्री थंडी वाजत असेल ना? त्याला काय पांघरायला घालू?"

प्रश्न साधा, पण उत्तर देताना आमची जीभ अडखळली. वीस वर्षांपूर्वी आमच्या मुलीने हाच प्रश्न विचारला होता, आणि आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर दिले होते.

तिचा पांढरा ससा अंगणातल्या लाकडी पिंजऱ्यात राही. थंडीची लाट आली तशी आम्ही पिंजऱ्याभोवती प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला, आत जुनी चादर कोंबली, वरून गोणपाट टाकले. वाऱ्याची झुळूकही शिरू नये, असा चोख बंदोबस्त! तिसऱ्या दिवशी कागद सोडला, तो आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. चादर मूत्राने भिजली होती आणि उग्र वासाने आमचे डोळे चुरचुरले. सशाचे नाक वाहत होते. खाणे त्याने टाकलेच होते. दोन दिवसांनी तो गेला. "थंडीने गेला," असे आम्ही मुलीला सांगितले.

वाचकहो, ते खरे नव्हते. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीत बिळे करून राहणारा. आपल्या माळावरचा रानससा निराळा. तो बीळ करीत नाही, गवतात दबून बसतो. पाळीव सशाच्या अंगावर हिवाळ्यात दाट लोकर येते. त्याला खरे भय उन्हाळ्याचे. आमच्याकडचा ज्येष्ठ त्याला पौषाहून अधिक घातक. हिवाळ्यात त्याचे शत्रू दोनच: ओल आणि अंगावर येणारा वाऱ्याचा झोत. कोरडा, धडधाकट ससा कडाका सोसतो. ओला झालेला आणि कोंदट हवेत अडकलेला ससा मात्र आजारी पडतो.

तेव्हा पिंजरा जमिनीपासून हातभर उंच असावा, उत्तरेच्या वाऱ्याला पाठ करून उन्हाच्या बाजूला असावा. तीन बाजू फळ्यांच्या असाव्यात. समोरच्या जाळीवर रात्री गोणपाटाचा पडदा सोडावा, पण वर चार बोटे फट राखावी. आत एक लहानसे खोके निजायला द्यावे. त्यात खाली वर्तमानपत्राचे थर आणि वर सशाला अंग पुरता येईल इतका कोरडा पेंढा. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत हवा अडकते, तीच त्याची रजाई. भिजलेला पेंढा रोज काढावा. कापड घालू नये. ससा ते कुरतडतो, धागे आतड्यात अडकतात, आणि भिजले की ते वाळत नाही.

कोरडे गवत सदैव समोर असावे, कारण ते पचवतानाच त्याच्या अंगात ऊब निर्माण होते. बरसीम मूठभरच द्यावी, तीही दव निपटून. फार झाली तर पोट फुगते. पाणी दोनदा बदलावे. जवळ कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. बंद जागेत तिचा वायू माणसालाही मारतो. रात्री उबदार खोलीत आणि पहाटे पुन्हा धुक्यात, अशी ने-आणही टाळावी. म्हातारा, आजारी किंवा अगदी लहान ससा असेल, तर थंडी सरेपर्यंत त्याला पडवीत आणावे.

कान गार लागले म्हणून घाबरू नये, ते गारच असतात. मात्र अर्धा दिवस खाणे आणि लेंड्या बंद झाल्या, किंवा अंग गळून गेले, तर फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली कुशीला ठेवून ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे.

हे सारे आम्ही त्या मुलीला सांगितले. दुसऱ्या दिवशी ती पेंढ्याच्या काड्या दप्तराला चिकटलेल्या अशीच शाळेत आली.

त्या रात्री आम्ही आमच्या मुलीला दूरध्वनी केला. ती आता स्वतः एका लेकराची आई. सशाच्या मृत्यूचे खरे कारण वीस वर्षांनी तिला सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ती म्हणाली, "बाबा, मला तेव्हाच ठाऊक होतं. ती चादर मीच धुतली होती."