‘माझी आई’ निबंधात आत्या कुठे बसते?



‘माझी आई’ हा निबंध आपण मुलांना पहिलीच्या पाच ओळींपासून थेट दहावीपर्यंत देतो. मीही वर्षानुवर्षं दिला. आज त्या विषयाच्या थोडं विरोधात लिहायचं आहे, म्हणून आधी माझी चूक सांगते.

नायगावात शिकवत असताना पाचवीतल्या एका मुलीने हा निबंध फार सुबक अक्षरात लिहिला होता. आई पहाटे उठते, देवपूजा करते, डबा भरून देते, मी आजारी पडले की रात्रभर उशाशी बसते, आणि शेवटी नेहमीचं सुभाषित. मी दहापैकी आठ गुण दिले, लाल शाईने ‘छान’ लिहिलं. पंधरा दिवसांनी पालकसभेला तिच्यासोबत एक बाई आल्या. मी सवयीने विचारलं, “आई नाही आली का?” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, आई नाय तिला. दोन वर्षांची होती तेव्हाच गेली. मी आत्या. मीच करते तिचं सगळं.” मुलगी खाली बघत उभी होती.

निबंध गाइडमधून उतरवलेला होता. मला तो ओळखता यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वह्यांत तोच मजकूर असतो. जिची आई घरी आहे तीही तोच उतरवते आणि जिची नाही तीही. फरक एवढाच, की दुसरीला खोटं लिहावं लागतं आणि त्याचे गुण आपण देतो.

माझं म्हणणं असं आहे, की आईचा गौरव करता करता आपण दुसऱ्या आयांना ओळखेनासे झालो आहोत. पुस्तकातल्याही आणि घरातल्याही. आत्या, मावशी, काकू, थोरली वहिनी, चाळीतली शेजारीण. त्याचा भुर्दंड वर्गातलं एखादं पोर मुकाट्याने भरतं.

आमच्याच भागातलं उदाहरण घ्या. नायगावच्या बीडीडी चाळींत १४ एप्रिल म्हणजे घरचा सण. वर्गात विचारा, बाबासाहेबांच्या आईचं नाव काय? सगळे हात वर. भीमाबाई. पत्नीचं? रमाबाई. आता विचारा, मीराआत्या कोण? मी विचारून पाहिलंय. वर्ग गप्प. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या. त्यानंतर रामजी सुभेदारांच्या घरातल्या मुलांचं केलं ते त्यांच्या बहिणीने, मीराबाईंनी. त्यांच्या पाठीला बाक होता. बाक असलेल्या पाठीने घर चालवायचं आणि आई गेलेल्या पोरांना सांभाळायचं म्हणजे काय, याचा विचार आपण एकदा तरी केलाय का? पुढे हे कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या चाळीत राहिलं, म्हणजे नायगावहून चालत जाता येईल इतक्या जवळ. चरित्रांत या आत्याची नोंद आहे. भाषणांत मात्र ती नसते. दरवर्षी मुलांना भाषणं आपणच लिहून देतो, तेव्हा हा दोष चरित्रकारांचा नाही, आपला आहे.

महात्मा फुल्यांचंही तसंच. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच गेल्या. त्यांना वाढवलं नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या बालविधवा. नवऱ्याच्या घरी जागा नाही, स्वतःचं मूल नाही, आणि हातून घडलं काय तर जोतीराव! शिक्षकाच्या पेशात असलेल्या आपल्याला तर हे नाव तोंडपाठ असायला हवं.

आणि नारायण सुर्वे. ते तर गिरणगावचेच. १९२६च्या सुमाराला रस्त्यावर टाकून दिलेलं तान्हं बाळ गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलं आणि त्यांच्या पत्नीने, काशीबाईंनी, ते पदरात घेतलं. दोघंही गिरणीत कामाला. त्या बाईने त्या दिवशी ‘कोणाचं आहे कोण जाणे, परत ठेवून या’ म्हटलं असतं तर? ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि ‘माझे विद्यापीठ’ लिहिणाऱ्या कवीचं आडनाव आपल्याला कधी कळलंच नसतं. वर्गात सुर्व्यांची कविता शिकवताना कवी परिचयात आपण ‘अनाथ’ हा शब्द वापरून पुढे जातो. तिथे थांबून काशीबाईंचं नाव घ्यावं.

इथे एक गोष्ट मात्र लपवू नये. पुढे गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले, हे कुटुंब गावी गेलं, आणि चौथीपर्यंत शिकलेला पोरगा मुंबईत एकटा उरला. हॉटेलात, घरगड्याची, मिळेल ती कामं करत वाढला. (नंतर महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाला, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असेल.) मुलांना हेही सांगावं असं मला वाटतं. मानलेली आई म्हणजे दर वेळी देवी नव्हे. तीही परिस्थितीपुढे हात टेकते. गाइडमधली आई कधीच थकत नाही, कधीच चिडत नाही, म्हणून तर ती कोणाचीच आई वाटत नाही.

‘श्यामची आई’वर कोणी काही बोललं की आपल्या जिवाला लागतं, माझ्याही लागतं. १९३५ साली आलेलं हे पुस्तक मी बेचाळीस रात्रींसकट कितीदा वाचलंय. पण शेवटच्या रात्री पुन्हा वाचा. श्याम शिक्षणासाठी लांब आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करायला येते ती तिची बहीण, सखूमावशी. ज्या पुस्तकाला आपण मातृप्रेमाचं स्तोत्र मानतो, त्यातच आईचंही आईपण करणारी एक मावशी आहे! परीक्षेत तिच्यावर प्रश्न विचारलेला मी तरी पाहिला नाही. साने गुरुजींनी तिला जागा दिली, आपण नाही दिली.

भाषेने मात्र तिला कधी सोडलं नाही. ‘माय मरो पण मावशी जगो’ असं आपल्याकडे म्हणतात. मांजरसुद्धा वाघाची मावशीच. तमाशाच्या गवळणीतल्या मावशीचं काम बहुधा पुरुषच करतो आणि लोक पोट धरून हसतात, तरी गवळणींची वडीलधारी म्हणून तिचा शब्द चालतो. आणि आपल्या शाळेत? बालवाडीतल्या पोराला शी-शूला नेणाऱ्या, पडलं की गुडघ्याला हळद लावणाऱ्या बाईंना सगळी शाळा ‘मावशी’ म्हणते. त्यांचं खरं नाव किती शिक्षकांना माहीत असतं? नातं लावलं की नाव विचारायचं राहून जातं.

गिरणगावात ही नाती हौसेने नाही जुळली. १६० चौरस फुटांची खोली, गिरण्यांच्या पाळ्या, आणि सामायिक व्हरांडा. आई पहिल्या पाळीला गेली की पोर शेजारच्या काकूंच्या चुलीपाशी. गरज होती म्हणून माया झाली, आणि ती काही कमी खरी नव्हती. आता चाळी पाडून टॉवर होताहेत. लोकांना मोठं घर मिळतंय, ते मिळायलाच हवं, त्याबद्दल उसासे टाकण्यात अर्थ नाही. पण बंद दारांच्या मजल्यावर पोराला काकू कुठून मिळणार, हा प्रश्न पालकांनी आत्ताच मनात घ्यावा.

१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा शासनाचा निर्णय मला मनापासून आवडला. आत्यासाठी रकाना मात्र कुठल्याच अर्जात नाही. निदान निबंधाच्या वहीत तरी असावा.

म्हणून मी फळ्यावर विषय बदलला. ‘माझी आई’ऐवजी ‘माझं सगळं करणारं माणूस’. दोन सूचना: गाइड बंद, आणि त्या माणसाने काल दिवसभरात काय काय केलं तेवढंच लिहायचं. काही पालकांनी तक्रार केली, की परीक्षेत तर ‘माझी आई’च येणार. त्यांचंही चुकत नाही. परीक्षेचा निबंध मी नंतर वेगळा लिहून घेतला. पण या विषयावर पोरांनी जे लिहिलं ते सुबक नव्हतं, शुद्धलेखनाच्या चुका भरमसाट, आणि एकाही वहीतला मजकूर दुसरीत नव्हता. दोघांनी आजोबांवर लिहिलं, एकाने मोठ्या बहिणीवर.

त्या मुलीने लिहिलं, आत्या पहाटे चारला दादरच्या मार्केटला भाजी आणायला जाते, जाताना बाहेरून कडी लावते आणि शेजारच्या आजींना सांगून जाते. केस विंचरताना ओढते. हिशेब चुकला की आधी स्वतःवर रागावते, मग माझ्यावर. दीड पान लिहून ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, शेवटी ‘अशी माझी आत्या मला फार आवडते’ असं लिहायलाच लागतं का?”

मी म्हटलं, नको.