ओझं वाहणाऱ्या गाड्या

मोटरसायकलचा विषय निघाला की बोलणं बुलेटचा रुबाब आणि पल्सरचा वेग यांच्यापाशी अडकतं. नंदुरबार जिल्ह्यात मात्र गाडी कोणती घ्यायची हे रस्ता आणि ओझं ठरवतात. ३५० सीसीची बुलेट जवळपास दोन क्विंटलची. शहाद्याच्या सपाटीवर ती शोभते. धडगाव-मोलगीच्या चढांवर शंभर सीसीची गाडीच कामाची. ९७.२ सीसीची स्प्लेंडर ११२ किलोंच्या आसपास भरते, नाल्यात रुतली तर दोघं जण तिला ओढून काढतात. टीव्हीएस एक्सएलला गिअर नाहीत आणि सीटपुढच्या मोकळ्या जागेत पोतं उभं राहतं, म्हणून फेरीवाला ती पसंत करतो. दूधवाला मागे दोन्ही बाजूंना लोखंडी चौकट बसवून कॅन अडकवतो. या गाड्या इथली मालवाहतूक आणि प्रवासी वाहतूक आहेत. सरकारी धोरणानेही त्यांना तसंच मानायला हवं.

यावर आक्षेप येईल की हे नियम मोडण्याचं समर्थन झालं. तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२८व्या कलमानुसार चालकामागे एकच जण बसू शकतो, आणि घाटात ट्रिपल सीट जीवघेणीच. पण नुसत्या दंडाने ओझं कमी होत नाही, कारण बाजार गाठावाच लागतो. खरा धोका अंदाजाने जोडलेल्या चौकटीत असतो. वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात राहत नाही. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एकत्रित ब्रेक सक्तीचे झाले, म्हणजे छोट्या गाडीची काळजी नियमांना घेता येते. तशीच तपासलेली, वजनमर्यादा लिहिलेली चौकट स्वस्तात मिळावी. लायसन्सची शिबिरं आठवडे बाजाराच्या दिवशी भरावीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुचाकीचे गोडवे गायले की एसटी आणि रुग्णवाहिका पुरवण्याच्या जबाबदारीतून सरकार सुटतं. बाळंतीण मोटरसायकलवर नेणं ही सोय नव्हे, नाइलाज आहे. मुंबईत २०१७ साली १०८ सेवेच्या बाइक रुग्णवाहिका आल्या त्या प्राथमिक उपचार लवकर पोहोचवण्यासाठी. रुग्णाला आडवं नेणारी गाडी वेगळीच लागते. सातपुड्यातही हीच विभागणी योग्य. मोठ्या गाडीचा रस्ता पाड्यापर्यंत न्यायलाच हवा, पण तो होईपर्यंत, आणि झाल्यावरही, रोजचं ओझं दुचाकीच वाहणार आहे. ते सुरक्षित करणं हे प्रशासनाचं आजचं काम आहे.